वडिलांना करताना पाहिलेली एक गोष्ट : सोलापूरकरांसाठी अनुभव धागा

नमस्कार मंडळी,

जूनचा तिसरा रविवार आला की मोबाइलवर वडिलांबद्दलचे तयार संदेश येऊन पडतात. बाप म्हणजे फणस, बाप म्हणजे वटवृक्ष. ते वाचून मला माझे वडील, आमचे दादा, आठवत नाहीत. दादा म्हटलं की मला आठवते लाल पुठ्ठ्याची एक वही.

आजोबा जुन्या गिरणीत होते, 1877 सालच्या. दादा दुसऱ्या एका गिरणीत, साचे खात्यात. आमचं घर भोंग्यावर चालायचं. कुठल्या भोंग्याला चूल पेटवायची आणि कुठल्याला शाळेला निघायचं, ते ठरलेलं. 1990 च्या दशकात दादांची गिरणी बंद पडली. मी आठवीत होते, भाऊ पाचवीत. चाळीतल्या कितीतरी घरांत ही गोष्ट पोरांना सांगितलीच नाही. बापमाणसं रोजच्यासारखा डबा घेऊन निघायची, दिवसभर सिद्धेश्वर तलावाच्या काठाला बसायची आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायची. दादांनीही पहिला आठवडा तेच केलं. नंतर एका रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि वही उघडली.

"पोरांनो, गिरणी बंद पडलीय. परत चालू होईल असं मला वाटत नाही. घरात एवढे पैसे हायत. भाडं एवढं, किराणा एवढा, तुमची फी एवढी. पाच महिने निघतात. तोवर मी काम बघायलोय."

भावानं विचारलं, "मग माझी सायकल?"

"यंदा नाही."

ते चिडले नाहीत, आणि देईन-बघू असंही म्हणाले नाहीत. पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ते रात्रीचे वॉचमन झाले. पगार निम्म्याहून कमी होता. तरी दर महिन्याला वही आमच्यासमोर उघडायची, कमी पडलं त्या महिन्यातसुद्धा. एकदा त्यात "उसने 300, परत करायचे" असं लिहिलेलं होतं. ते त्यांनी आम्हाला मोठ्यानं वाचायला लावलं. वडिलांनी कुणाकडून तरी उसने घेतलेत, हे वाचताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण वाचून घेणाऱ्या माणसाला ती वाटत नव्हती.

2020 च्या टाळेबंदीत माझ्या यजमानांचा पगार थांबला. तिसऱ्या आठवड्यात मी दोन्ही मुलांना बसवलं आणि वही काढली. मुलगी तेरा वर्षांची होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि क्लासची फी कुठे लिहिलीय तेवढं विचारलं.

म्हणून हा धागा. नियम एकच आहे. वडिलांनी सांगितलेलं नको, त्यांना करताना पाहिलेलं लिहा. आज तुम्ही तसं वागत असाल तर तेही लिहा. ज्यांचे वडील चांगले नव्हते त्यांनी मागे राहू नये. तुम्ही दुसऱ्या कुणाकडे बघून शिकला असाल, तर त्या माणसाबद्दल लिहा. खरी नावं नकोत, टोपणनावानं लिहा.

मालदांडी

आमची शेती मंगळवेढ्याकडे, काळं रान, ज्वारीचं. 1998 मध्ये आजोबा गेले. तेराव्यानंतर वारसनोंदीचा विषय निघाला. आमच्याकडची रीत अशी की बहिणीला साडीचोळी करायची, गोडाधोडाचं जेवू घालायचं आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घ्यायची. खरं तर वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा 1956 च्या कायद्यानंच दिलेला आहे. 2005 च्या दुरुस्तीनं तर मुलगी जन्मापासून मुलाच्या बरोबरीची झाली. पण कायदा तालुक्याला राहतो आणि रीत घरात राहते.

आत्या तयारीनंच आली होती. म्हणाली, "दादा, कुठं सही करायची सांग, संध्याकाळची एसटी हाय मला."

वडील म्हणाले, "सही कशाची? बापाची लेक हाईस का न्हाईस? तुझं नाव लागंल सातबाऱ्यावर."

चुलते उठले. म्हणाले, "जावयाच्या घरात जमीन घालतोस व्हय?" दोन तास वाद चालला. मी बारा वर्षांचा, दाराच्या चौकटीला धरून उभा. वडिलांचा आवाज एकदाही चढला नाही. ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "आई असती तर तिला काय सांगितलं असतंस?"

आत्याचं नाव लागलं. चुलते पाच-सहा वर्षं आमच्याशी धड बोलले नाहीत. दिवाळीला त्यांच्या घरचा फराळ यायचा बंद झाला. ही किंमत मी डोळ्यांनी पाहिलीय, म्हणून मुद्दाम लिहितोय. चांगलं वागलं की सगळे लगेच चांगलं म्हणतात, असं काही नसतं.

आत्याचा हिस्सा वडीलच कसायचे. सुगी झाली की तिच्या वाट्याची पोती मोजून वेगळी ठेवायचे आणि टेम्पोत घालून पोहोच करायचे. दुष्काळात चार पोती झाली तर त्यातलीसुद्धा. आत्याच्या यजमानांना पक्षाघात झाला तेव्हा तिनं त्या जमिनीच्या जोरावर तीन वर्षं घर ओढलं.

गेल्या वर्षी वडील गेले. तलाठ्यानं विचारलं, "बहिणीचं हक्कसोड आणलंय का?" मी नाही म्हटलं. मला विचारही करावा लागला नाही. बहीण मात्र फोनवर रडली.

मशीनवाला

अब्बा शिंपी होते. सोलापूरचे गणवेश देशभर जातात, मोठ्या कारखान्यांत शिवले जातात, पण आमचं दुकान एका मशीनचं, विजापूर वेशीजवळ. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी पाय ठेवायला जागा नसायची.

कापड घेऊन येणाऱ्या माणसाकडे अब्बा एकदाच बघायचे. बापाच्या चपलेकडे, आईच्या पिशवीकडे. मग माप घेताना काही पोरांच्या पँटला आतून चार बोटं जास्त दुमड ठेवायचे, शर्टाच्या बगलेत दाब सोडायचे. बोलायचे काहीच नाहीत. पुढच्या जूनला तेच पोरगं यायचं तेव्हा दुमड उसवून पँट लांब करून द्यायचे. त्याचे पैसे घेत नव्हते. नवीन शिवली असती तर शिलाई मिळाली असती, हे मला सातवीतच कळत होतं आणि मी ते बोललोही. अब्बा म्हणाले, "पोरगा वाढतो बेटा. कापड थोडंच वाढतं?"

आता माझ्याकडे सहा मशिनी आहेत. कारागिरांना मी सांगून ठेवलंय, लहान मुलाचा कपडा असेल तर चार बोटं आत. कोणाचं पोरगं, ते बघायचं नाही. अब्बा बघायचे, मी सरसकट ठेवतो.

कांडीवाला पोऱ्या

धागा काढणाऱ्या ताईंनी "ज्यांचे वडील चांगले नव्हते" असं लिहिलं नसतं तर मी लिहिलं नसतं.

माझे वडील प्यायचे. आई विड्या वळायची, दिवसाला हजार. कारखान्यात विड्या दिल्या की छाट निघायची, म्हणजे काही विड्या खराब म्हणून बाजूला काढायचे, आणि तेवढे पैसे कमी. उरलेल्यातले वडील मागायचे. नाही दिले की काय व्हायचं ते इथं लिहीत नाही.

दहावी नापास झालो आणि साखर पेठेच्या मागे एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायला लागलो. तिथं एक जोबर होते, म्हणजे माग बसवणारे आणि दुरुस्त करणारे, तेलुगू बोलणारे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी त्यांच्याकडे बघत मोठा झालो.

एक दिवस एका मागावर चादरीच्या चार-पाच नगांत सलग चूक आली. मालक त्या विणकराच्या अंगावर धावून गेला, पगारातून कापतो म्हणाला. मामा हात पुसत मध्ये आले. "काल तो माग मी बसवला. चूक माझी आहे, माझ्यातून कापा." विणकर गप्प, मालक गप्प, मी तर बघतच राहिलो. मोठ्या माणसानं "चूक माझी" म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. आमच्या घरात ताट सांडलं तरी ती आईची चूक असायची.

आठवड्याचा पगार झाला की बरेचजण गुत्त्यावर जायचे. मलाही हाक यायची, "चल बे, मोठा झालास आता." मामा काही बोलायचे नाहीत. सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत आमच्या घरापर्यंत यायचे आणि उंबऱ्यापाशी थांबायचे. मी पैसे आईच्या हातात दिले की पाणी पिऊन परत फिरायचे. त्यांचं घर उलट्या दिशेला होतं. ही गोष्ट एक-दोनदा झालेली नाही, चार वर्षं दर आठवड्याला झालेली आहे. एकदा त्यांना ताप होता तरी आले.

2006 मध्ये कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी जी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्यात आईला घर मिळालं. आईच्या नावावर. गृहप्रवेशाला मामा आले होते, सोबत स्टीलचा एक हंडा. वडील त्या दिवशीही शुद्धीत नव्हते. ते नंतर तीन वर्षांनी गेले. माझा राग गेलाय असं लिहिलं तर खोटं होईल.

आज मी स्वतः जोबर आहे. पगाराच्या दिवशी नऊ वर्षांच्या मुलाला कारखान्याच्या दारात बोलावतो. आम्ही दोघं चालत घरी जातो, आणि पैसे तो त्याच्या आईच्या हातात देतो.

धागाकर्ती

कांडीवाला दादा, तुमचं लिहिणं मी आईला वाचून दाखवलं. तिचं वय 78 आहे, तिनंही विड्या वळल्यात. "छाट" शब्द ऐकल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, त्या मामांना माझा नमस्कार कळव. मामा असतील तर कळवा.

रेल्वे लाइन्स

आमच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलायचं नाही, अशी पद्धत होती. आजोबा ओसरीवर बसलेले असताना मी रांगत बाबांकडे गेलो तर बाबा उठून आत जायचे, असं आई सांगते. प्रेम नव्हतं असं नाही. त्यांना ते दाखवायची सोय नव्हती.

पण मला एक रात्र आठवते. मी सहा-सात वर्षांचा, गोवर निघालेला. सगळे झोपल्यावर बाबा आले आणि मला उचलून गच्चीवर घेऊन गेले. मे महिना, सोलापूरचा उकाडा, पत्र्याखाली झोप लागत नव्हती. ओल्या पंच्यानं वारा घालत ते पहाटेपर्यंत बसले. आजोबांचं खाकरणं ऐकू आलं तसं मला परत आईजवळ ठेवलं.

मी रेल्वेत आहे. मुलगी झाली तेव्हा 15 दिवसांची पितृत्व रजा घेतली. नियमात आहे, पण आमच्या ऑफिसात ती फारसं कुणी मागत नसे. एक वरिष्ठ म्हणाले, "बाळंतीण तू आहेस का?" मी अर्ज पुढे सरकवला. त्या पंधरा दिवसांत लंगोट बदलायला, तिला पालथं धरून अंघोळ घालायला शिकलो. बाबा तेव्हा 70 वर्षांचे होते. चौथ्या दिवशी ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, "दे जरा इकडं." नातीला त्यांनी भर दुपारी, ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मांडीवर घेतलं.

डबा

आई सरकारी दवाखान्यात नर्स, रात्रपाळी असायची. बाबा सकाळी आमचे डबे करायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बायकोला मदत करता, चांगलंय." बाबा म्हणायचे, "मदत कशाची? पोरं माझीच आहेत." भाकरी त्यांना शेवटपर्यंत गोल जमली नाही. शेंगाची चटणी मात्र आईपेक्षा चांगली कुटायचे. मी मुलगा आहे, आणि लग्नाआधी मला सगळा स्वयंपाक येत होता. एवढंच.

काठीवाला

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आमच्या घराकडे नंदीध्वज पेलण्याची सेवा आहे. मानाचे सात नंदीध्वज. कंबरेला बांधलेल्या पट्ट्यावर उंच काठी तोलत, पांढरी बाराबंदी घालून, 68 लिंगांच्या मार्गानं चालायचं. जानेवारीतल्या यात्रेआधी कितीतरी दिवस संध्याकाळी सराव चालतो.

अप्पांनी 22 वर्षं काठी पेलली. शेवटच्या वर्षी सरावात त्यांच्या गुडघ्यानं एकदा दगा दिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, मागच्यांनी काठी सावरली. घरी येऊन त्यांनी पट्टा काढून देवापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं अंग आता भरवशाचं नाही. गर्दीत लेकरं असतात." एक वर्ष तरी अजून करा, म्हणून लोकांनी किती गळ घातली. नाही म्हणजे नाही.

त्या यात्रेत ते गर्दीच्या कडेला उभे राहिले आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणत राहिले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं. पट्टा आता माझ्याकडे आहे. कुठं थांबायचं तेही मी बघून ठेवलंय.

भैय्या चौक

माझे पप्पा रिक्षा चालवायचे. शाळेत सोडताना भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकाजवळ रिक्षा हळू करायचे. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिकडेच वारले, वयाच्या 32 व्या वर्षी. पुतळे, पाटी सगळ्यांना माहीत असतं. पप्पांना त्यातली वेगळीच गोष्ट आवडायची. मुलानं चीनला जायचं म्हटल्यावर आईला फार वाईट वाटलं, पण वडिलांनी त्याला जा म्हटलं. पप्पा म्हणायचे, "डॉक्टर मोठाच. पण जा म्हणणारा बाप बघ."

हे सांगितलेलं झालं, नियमात बसत नाही. पाहिलेलं लिहिते. मी नर्सिंग झाले आणि परदेशात नोकरी मिळाली. नातेवाईक घरी जमले, लग्नाचं वय, एकटी पोरगी, वगैरे. पप्पा सगळ्यांना चहा देत होते. चहा संपल्यावर म्हणाले, "पासपोर्टचं काम उद्या आहे, तिला लवकर झोपू द्या." विषय संपला. मला मुंबईला सोडायला ते सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं आले. रात्रभर झोपले नाहीत, माझ्या बॅगेवर हात ठेवून बसले होते. विमानतळाच्या दारातून मी आत गेले आणि मागे वळून पाहिलं तर ते हात हलवत नव्हते. दोन्ही हात खिशात घालून ताठ उभे होते. का ते मला कळलं.

त्यांनी मला कधी "लवकर ये" म्हटलेलं नाही. आई म्हणते. रोज म्हणते.

साखर पेठ

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. वरच्या जवळजवळ प्रत्येक अनुभवात मागे एक आई आहे. विड्या वळणारी, रात्रपाळी करणारी. बापानं एकदा केलं की आपण जन्मभर आठवतो, आईचं रोजचं असतं म्हणून दिसत नाही. बापांचं कौतुक करूच. पण आपल्या घरात बाप चांगला निघाला तर तो आईशी कसा वागतो यावरूनच ते कळलं, हेही लिहायला पाहिजे. माझे नायना, म्हणजे वडील, आईला सगळ्यांसमोर नावानं आणि "तुम्ही" म्हणून हाक मारायचे. आमच्या अख्ख्या गल्लीत ते एकटेच. मी लग्नाला मुलगा बघताना पगार नंतर विचारला. तो त्याच्या आईला पाणी कसं मागतो ते आधी बघितलं.

धागाकर्ती

साखर पेठ ताई, राग कसला. दादांच्या वहीतले अर्धे आकडे आईच्या शिवणकामाचे होते. ते मी वर लिहायला हवं होतं.

दुसरा बाक

वडील जिल्हा परिषद शाळेत गुरुजी, मी त्यांच्याच वर्गात. पाचवीत दुसऱ्या मुलानं फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि मार मला बसला, दोन छड्या. दुसऱ्या दिवशी खरं कळलं. घरी गप्पा मारताना सहज बोलता आलं असतं. पण प्रार्थना झाल्यावर भर वर्गात त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "काल मी याला विनाकारण मारलं. माझं चुकलं." आणि छडी मोडून खिडकीबाहेर टाकली. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या वर्गात परत छडी आली नाही. मी आता कॉलेजवर शिकवतो. चुकीचा गुण दिला गेला तर ज्या वर्गात दिला तिथंच जाऊन सांगतो.

एकोणीस

मी इथं सगळ्यात लहान असेन. माझे बाबा जिवंत आहेत, घरातच आहेत, त्यामुळे आठवण अशी नाही. रोजचंच आहे.

आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी येईल नेम नाही. आमच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात, त्यांना घागर उचलत नाही. नळ आला की बाबा आधी आजींचा पिंप भरतात, मग आमचा. दाब कमी असला तरी हाच क्रम. एकदा आजींचा भरला आणि आमच्या वेळेला पाणी गेलं. आई वैतागली. बाबांनी सायकलला दोन कॅन अडकवले आणि कुठून तरी भरून आणले, तोंडातून शब्द काढला नाही. पुढच्या वेळी परत आधी आजींचा.

बाबांचा मणका दुखायला लागल्यापासून पाइप मी धरतो. त्यांना ते फारसं आवडत नाही, कट्ट्यावर बसून बघत राहतात. आणखी लिहिणार होतो, पण आत्ता रात्रीचे पावणेदोन झालेत आणि खालून बाबांची हाक आलीय, नळ आलाय म्हणून. आजींचा पिंप भरायचाय.